व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला किती झोपवायचं? वाचकांचे प्रश्न, भूलतज्ज्ञांची उत्तरं

मागच्या अंकात व्हेंटिलेटर लावायची वेळ का येते यावर लिहिलं होतं. त्यावर जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांतून पत्रं आली, मेसेज आले, आणि गंमत म्हणजे मशीनबद्दल कमी, झोपेच्या औषधाबद्दलच जास्त. म्हणून यावेळी सगळा कॉलम त्यालाच दिला. नावं छापत नाही, गाव तेवढं ठेवलंय. काही पत्रं फार लांब होती ती कापलीत, रागावू नका.

प्रश्न : माझ्या वडिलांना (वय ५८) न्यूमोनिया झाला, रात्री दोन वाजता गावाजवळच्या हॉस्पिटलात कॅज्युअल्टीतच नळी टाकली आणि मग जळगावला हलवलं. पहिले दोन दिवस एकदम शांत झोपलेले होते. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी झोपेचं औषध कमी केलं तर ते डोळे उघडून इकडेतिकडे बघायला लागले, हात हलवायला लागले, डोळ्यातून पाणी. आई म्हणाली, "त्यास्ले झोपू द्या ना साहेब, कसाले उठाडतस?" डॉक्टर म्हणे जागं असलेलं चांगलं. हे खरं आहे की औषध वाचवतात? (एक वाचक, चोपडा तालुका)

दादा, औषध वाचवायचा विषयच नाहीये. उलट पेशंटला गाढ झोपवून ठेवणं हे आम्हा लोकांसाठी सगळ्यात सोपं काम, झोपेच्या औषधाच्या पंपाचा स्पीड वाढवला की पेशंट गप, मशीनचा अलार्म गप आणि नातेवाईकही खुश की माणूस शांत आहे. जागं ठेवायला माणूस लागतो, दर तासाला लक्ष लागतं. त्यामुळे कुणी डॉक्टर झोपेचं औषध कमी करतोय म्हणजे तो स्वतःचं काम वाढवून घेतोय एवढं आधी आईला सांगा.

आता का ते. घशात नळी असली की दोन प्रकारची औषधं लागतात, एक दुखणं मारणारं आणि दुसरं शांत ठेवणारं. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी फेंटानिल आणि मिडाझोलाम ही जोडी चालते, स्वस्त आहे, मिळते, सगळ्यांच्या हातातली आहे. पण मिडाझोलाम अंगातल्या चरबीत साठत जातं, किडनी नीट चालत नसेल तर अजूनच रेंगाळतं, म्हणून तीन दिवस जोरात चालवलेला पंप आज बंद केला म्हणजे पेशंट आज उठेल असं नसतं, कधी कधी दोन दोन दिवस लागतात. आणि तेवढे दिवस नळी काढता येत नाही, खोकला येत नाही, कफ आतच बसतो, मांड्यादंड उतरून जातात, आहे त्या न्यूमोनियावर मशीनचा दुसरा न्यूमोनिया बसायची भीती. मेंदू गोंधळतो ते वेगळंच, त्यावर खाली अमळनेरच्या ताईंना लिहिलंय.

हे नुसतं माझं मत नाही. २००० साली शिकागोच्या डॉक्टरांनी १२८ पेशंटवर एक साधी गोष्ट करून बघितली, रोज एकदा झोपेचा पंप बंद करायचा, पेशंट जागा होईपर्यंत थांबायचं, मग गरज वाटली तर कमी डोसने परत चालू. ज्यांच्यात हे केलं ते साधारण ४.९ दिवसांत मशीनवरून सुटले, बाकीच्यांना ७.३ दिवस लागले. २००८ मधे अमेरिकेतच ३३६ पेशंटवर याच्या पुढची पायरी केली, रोज सकाळी आधी जागं करायचं आणि मग लगेच स्वतःच्या श्वासावर सोडून बघायचं, तर त्या गटातले लोक वर्षभरानंतर जास्त संख्येने जिवंत होते. फरक थोडाथोडका नव्हता, दर सात पेशंटमागे एक जीव असा हिशोब निघाला.

पण तुमच्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते वेगळंच, नळी "कॅज्युअल्टीतच" टाकली हे. आपण सगळे आयसीयूतल्या झोपेबद्दल बोलतो, पण झोप किती खोल हे ठरतं ते पहिल्या तासातच, आणि तिथे कुणी ठरवतच नाही, ते आपोआप होतं. रात्रीचे दोन वाजलेत, पेशंटचा ऑक्सिजन खाली, सगळे घामाघूम, नळी एकदाची बसते, आणि मग जो कुणी असेल तो पंपावर एक गोल आकडा टाकतो, की बाबा आता हलू नको. तोच आकडा अँब्युलन्समधे, तोच आयसीयूत, तोच दुसऱ्या दिवशीच्या राऊंडपर्यंत. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या २०१२ च्या अभ्यासात २५१ पेशंट होते, त्यातले ७६ टक्के मशीन लागल्यावर चार तासांच्या आतच गाढ झोपेत होते, आणि पहिल्या ४८ तासांत जे जितके खोल राहिले त्यांची नळी तितकी उशिरा निघाली, मृत्यूही त्यांच्यात जास्त. मग २०१९ मधे अमेरिकेतल्या १५ हॉस्पिटलांनी फक्त इमर्जन्सीतल्या पेशंटचंच बघितलं, ३२४ जण. निम्म्याहून जास्त लोक कॅज्युअल्टीतच गाढ झोपवलेले निघाले आणि जे तिथे गाढ होते ते आयसीयूतल्या पहिल्या दिवशीही गाढच सापडण्याचं प्रमाण बाकीच्यांच्या दुपटीहून जास्त. म्हणजे सुरुवात ज्याने केली त्याचा हात पुढे दोन दिवस चालतो, मधे कुणी हात लावत नाही.

आता "गाढ" म्हणजे किती, तर त्याला मोजमाप आहे. रास नावाचं स्केल आहे, अमेरिकेतल्या रिचमंड शहरात तयार झालेलं, वर अधिक ४ पासून खाली उणे ५ पर्यंत. शून्य म्हणजे शांत आणि जागा. अधिक बाजूला माणूस अस्वस्थ, नळ्या ओढणारा, मारायला उठणारा. उणे बाजूला झोप. मोजायला ना मशीन लागतं ना पैसे. सिस्टर बेडजवळ जाते, आधी नुसतं बघते, मग नावाने हाक मारते, "नाना, डोया उघाडा, मनाकडे देखा." नाना डोळे उघडून नजरेला नजर देऊन दहा सेकंदांहून जास्त टिकले तर उणे १, दहाच्या आत परत मिटले तर उणे २, हाकेला अंग हललं पण नजर दिली नाही तर उणे ३. हाकेने काहीच नाही आणि खांदा हलवल्यावर, छातीचं हाड चोळल्यावर हात हलला तर उणे ४, तेही नाही तर उणे ५. बहुतेक पेशंट उणे २ ते शून्यच्या आसपास हवेत, उणे ३ किंवा त्याच्याही खाली गेला की आम्ही गाढ म्हणतो. आणि हाक त्याच्या बोलीत मारायची हं, पेशंट अहिराणी बोलणारा आणि सिस्टर "ओपन युवर आईज" म्हणत असेल तर तो उणे ३ निघणारच.

वडिलांच्या डोळ्यातलं पाणी, त्याचं मात्र दुर्लक्ष करू नका, डॉक्टरांनीही करू नये. जागं ठेवणं म्हणजे दुखत ठेवणं नाही. आधी दुखण्याचं औषध पुरेसं, मग लागेल तेवढंच झोपेचं, हा आता जगभर मान्य झालेला क्रम आहे. नळीमुळे बोलता येत नाही, तहान लागते, लघवीची नळी टोचते, पाठ दुखते. विचारा, मान हलवून उत्तर देतील. आणि राऊंडला डॉक्टर भेटले की "कसे आहेत" यापेक्षा "आज रास किती आहे आणि किती ठेवायचा ठरवलाय" असं विचारा, ते जरा चमकतील, पण सांगतील.

काही पेशंटना मात्र गाढ झोप लागतेच, तिथे हट्ट धरायचा नाही. डोक्याला मोठा मार लागून मेंदूवर दाब वाढलाय, फिट थांबतच नाहीये, फुफ्फुसं इतकी खराब की पालथं घालून स्नायू ढिले करायचं औषध चालू आहे. तुमच्या वडिलांचं यातलं काही दिसत नाही.

प्रश्न : मी कॅज्युअल्टीत स्टाफ नर्स आहे. इंट्यूबेशनला (नळी टाकताना) सर झोपेचं केटामिन आणि स्नायू ढिले करणारं रॉक्युरोनियम देतात, कधी त्याऐवजी व्हेक्युरोनियम. नळी बसली की पेशंट एकदम शांत असतो म्हणून झोपेचा पंप लावायला कधी अर्धा तास, कधी जास्त जातो, तोवर सीटी, एक्सरे, नातेवाईकांच्या सह्या. मला भीती वाटते की तो आत जागा असेल. (एक सिस्टर, शहादा)

सिस्टर, तुमची भीती अगदी बरोबर आहे आणि या पूर्ण कॉलममधली ही सगळ्यात गंभीर गोष्ट आहे.

केटामिन एका डोसला दहा ते वीस मिनिटं चालतं. रॉक्युरोनियम इंट्यूबेशनच्या मोठ्या डोसला तासभर सहज चालतं, कधी त्याहून जास्त. मधला वेळ काय? माणूस बोट हलवू शकत नाही, पापणी उचलू शकत नाही, आणि आत शुद्धीवर यायला लागलाय. घशात नळी, कुणीतरी हाताला सुई टोचतंय, "याचं काही खरं नाही" असं कुणीतरी बोलतंय, आणि तो ऐकतोय. २०२१ मधे अमेरिकेत इमर्जन्सीत नळी टाकलेल्या ३८३ लोकांना नंतर शुद्धीवर आल्यावर विचारलं, तेव्हा १० जणांनी हे असं आठवत असल्याचं सांगितलं, २.६ टक्के, आणि त्या दहातल्या सात जणांना रॉक्युरोनियम दिलेलं होतं. ऑपरेशन थिएटरमधे हजारात एक-दोन म्हटलं तरी आम्ही भूलतज्ज्ञ अस्वस्थ होतो, इथे शंभरात अडीच. आणि हे फक्त जे वाचले नि सांगू शकले त्यांचं.

शांत दिसतो म्हणून झोपलेला आहे असं धरायचं नाही, स्नायू ढिले केलेल्या माणसाचा रास मोजताच येत नाही, तो उणे ५ च दिसणार. मग बघायचं काय? नाडी अचानक १३०, बीपी वर, कपाळावर घाम, डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी, बाहुल्या मोठ्या. यातलं काही दिसलं तर आधी झोपेचं आणि दुखण्याचं औषध. पण शॉकमधल्या (बीपी फार पडलेल्या) पेशंटला हे काहीच न दिसताही तो जागा असू शकतो, म्हणून खुणांची वाट बघण्यात अर्थ नाही.

उपाय एकदम साधा आहे, नळी टाकायच्या ट्रेमधेच फेंटानिल आणि झोपेच्या औषधाची सिरिंज भरून, लेबल लावून, पंपाला जोडून तयार ठेवायची. नळी बसली, छातीत दोन्हीकडे हवा ऐकली, टेप लावला, पंप चालू. एक्सरे नंतर, सह्या नंतर. आणि सरांना विचारायला लाजू नका, "सर, रॉक दिलंय, झोपेचं काय चालू करू?" एवढंच वाक्य. सूचना देणारा सर चांगला असेल तर थँक्यू म्हणेल, नसेल म्हणत तरी पेशंटचं काम झालं.

म्हणजे मी वर चोपड्याच्या दादांना कमी झोपवा म्हणतेय आणि तुम्हाला झोपवा म्हणतेय, यात उलटसुलट काही नाही. ज्याचे स्नायू औषधाने बंद केलेत त्याला गाढच झोप पाहिजे, औषध उतरेपर्यंत. ते उतरलं, हातपाय हलायला लागले की मग हलकं करा.

प्रश्न : माझे मिस्टर केळीच्या बागेत राखणीला जमिनीवर झोपले होते, पहाटे पोटात दुखतं म्हणाले, मग डोळे मिटायला लागले, मण्यार चावली असं डॉक्टर म्हणाले. व्हेंटिलेटरवर सहा दिवस होते. पूर्ण निपचित, बाहुल्या पण मोठ्या. भाऊबंद म्हणाले आता काही राहिलं नाही, घरी न्या. डॉक्टर म्हणाले मेंदू चांगला आहे, थांबा. आज ते घरी आहेत, आणि बेडजवळ कोण काय बोललं ते सगळं सांगतात! हे कसं? (रावेर तालुका)

ताई, आधी तुमच्या डॉक्टरांना माझा नमस्कार सांगा.

मण्यारचं विष मेंदूत जात नाही, ते नसा आणि स्नायू जिथे जोडलेले असतात तिथला निरोपच बंद करतं. म्हणून पापणी पडते, मग गिळता येत नाही, मग श्वास थांबतो, पण आत माणूस पूर्ण जागा, ऐकतोय. वरच्या सिस्टरच्या पेशंटला औषधाने जे होतं ते इथे सापाने केलं, आणि तासभर नाही, कित्येक दिवस. अशा पेशंटच्या बाहुल्या लाईटला हलत नाहीत, ढोपराला मारलं तर पाय उडत नाही, नवीन डॉक्टरला वाटावं की ब्रेन डेड आहे. आपल्याकडे मिळणारं सापाचं इंजेक्शन नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर असतं, पण मण्यारच्या विषाने नसेचं टोक एकदा खराब केलं की इंजेक्शनने ते लगेच दुरुस्त होत नाही, ते परत वाढून यावं लागतं, म्हणून दिवस लागतात. मशीन तेवढा वेळ काढून देतं आणि बहुतेक जण चालत घरी जातात.

झोपेच्या औषधाचं इथे फार नाजूक असतं. गाढ झोपवलं तर ताकद परत यायला लागली हे कळतच नाही. काहीच दिलं नाही तर तो माणूस दिवसरात्र जागा राहून छताकडे, तेही मिटल्या डोळ्यांनी... विचार करा. म्हणून थोडं दुखण्याचं, रात्री थोडं झोपेचं, आणि दिवसा बोलायचं. सिस्टरने बोटाने पापणी उचलून समोर उभं राहायचं, नाव सांगायचं, वार सांगायचा, "तुम्हाला मण्यार चावलीय, ताकद परत येणार आहे, बायको बाहेर बसलीय" असं रोज सांगायचं. पायाचं बोट किंचित हलवता येतंय का विचारायचं, काही जण तेवढ्यावर हो-नाही सांगतात. आणि भाऊबंदांनी घरी न्यायच्या गोष्टी बेडपासून लांब, चहाच्या टपरीवर कराव्यात. तिथे कराव्याच असं नाही.

पावसाळ्यात राखणीला जाताना खाट आणि मच्छरदाणी न्या, मण्यार बहुतेक जमिनीवर झोपलेल्यालाच चावते.

प्रश्न : पुतण्याने कपाशीवरचं फवारणीचं औषध घेतलं. दवाखान्यात आरडाओरड, चादर ओढतोय, हवेत काहीतरी पकडतोय. झोपेचं इंजेक्शन वाढवा म्हटलं तर डॉक्टरांनी उलट दुसरंच एक औषध कमी केलं. (पारोळा)

ते दुसरं औषध बहुतेक अ‍ॅट्रोपिन. या विषावर तेच मुख्य औषध, भरपूर लागतं, पण जास्त झालं की अंग तापतं, तोंड कोरडं पडतं, लघवी तुंबते आणि माणूस बरळायला लागतो, हवेत दोरे ओढतो. तिथे झोपेचं वाढवणं म्हणजे कारण तसंच ठेवून वरून झाकण. फिट आली तर मात्र मिडाझोलाम किंवा डायझेपाम द्यायलाच पाहिजे, त्यात दुमत नाही. दुसरं म्हणजे या विषात साधारण एक ते चार दिवसांनी मान आणि छातीचे स्नायू अचानक ढिले पडतात, त्याची पहिली खूण म्हणजे उशीवरून डोकं उचलता न येणं, आणि गाढ झोपलेल्या माणसाला डोकं उचल कसं सांगणार? पुतण्याशी नंतर घरात कुणीतरी नीट बसून बोला. मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या, त्यात कमीपणा काही नाही.

प्रश्न : आईला आयसीयूतून सोडून महिना झाला. ती म्हणते तिथे सिस्टर तिच्या अंगावर मुंग्या सोडायच्या, रात्री तिला बांधून ट्रकमधे नेलं, घरातल्यांनी तिला विकलं. तक्रार करावी का? बाकी ती एकदम नॉर्मल आहे. (अमळनेर)

ताई, आई खोटं बोलत नाहीये आणि सिस्टरनेही मुंग्या सोडलेल्या नाहीत. याला डेलिरियम म्हणतात, आजारात मेंदू तात्पुरता फेल होतो तसं. अर्धवट झोपेत खऱ्या गोष्टींची स्वप्नं बनतात, बीपीचा पट्टा आवळतो तो दोर होतो, स्ट्रेचरवरून सीटीला नेलं तो ट्रक होतो. गाढ झोपवलेल्यांना काहीच आठवत नाही म्हणून ते सुखी, असं पूर्वी आम्हालाही वाटायचं, पण नंतर मानसिक त्रास याच लोकांना जास्त होताना दिसतो, कारण खरी आठवण नसते आणि ती जागा अशा भासांनी भरलेली असते. मिडाझोलामच्या घरातल्या औषधांनी डेलिरियम वाढतं हे बऱ्यापैकी पक्कं आहे, प्रोपोफॉल किंवा डेक्समेडेटोमिडिन या झोपेच्या दुसऱ्या औषधांनी त्यामानाने कमी, म्हणून २०१८ च्या गाईडलाईनमधे ही दोन आधी वापरा असं सांगितलंय. आपल्याकडे खर्च आणि बीपी पडण्याची भीती या दोन कारणांनी ती मागे राहतात.

आईशी वाद घालू नका आणि हसू तर अजिबात नका. कुठल्या तारखेला काय झालं ते तुम्हाला जेवढं आठवतं तेवढं वहीत लिहा, फोनमधे फोटो असतील तर दाखवा, हॉस्पिटल परवानगी देत असेल तर एकदा तो बेड दाखवून आणा. दोन-तीन महिन्यांत कमी नाही झालं, झोप उडाली, दचकून उठते, तर डॉक्टरांना दाखवा. आणि पुढच्या वेळी, येऊ नये पण आली तर, चष्मा आणि कानाचं मशीन आयसीयूत द्यायला विसरू नका. निम्मी माणसं तिथे आंधळी-बहिरी करून ठेवलेली असतात आणि मग आम्ही म्हणतो पेशंट कन्फ्यूज आहे.

प्रश्न : मॅडम, तुमचं सगळं पुस्तकात ठीक आहे. माझ्याकडे रात्री एक सिस्टर आणि चार व्हेंटिलेटर. हलकं ठेवलं आणि नळी ओढली तर परत टाकायला मी एकटा. शिवाय तुमचे ते अभ्यास, जास्त सिरियस पेशंटलाच जास्त झोपवतात, मग ते जास्त मरणारच ना? (एक मेडिकल ऑफिसर, धुळे जिल्हा)

डॉक्टर, दुसरा मुद्दा आधी घेते कारण तो फार चांगला आहे. तुम्ही म्हणता ते खरं आहे, सुरुवातीच्या तासांतल्या झोपेचे जे अभ्यास मी वर दिले ते नुसतं बघितलेले आहेत, चिठ्ठ्या टाकून दोन गट केलेले नाहीत. आजाराची तीव्रता गणितात धरूनही काही अभ्यासांत फरक राहतो, पण गणितात न बसणारं काहीतरी उरतंच. त्यामुळे "गाढ झोपेने माणूस मरतो" असं मी लिहिणार नाही, गाढ झोप आणि वाईट निकाल सोबत चालताना पुन्हा पुन्हा दिसतात, एवढं लिहीन. चिठ्ठ्या टाकून केलेलेही आहेत, शिकागोचा आणि २००८ चा, ते आयसीयूतले. आणि तुमच्या बाजूचा एक पुरावा मीच देते, २०२० मधे डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडनमधे ७०० पेशंटवर झालं, एका गटाला झोपेचं औषधच नाही, दुसऱ्याला हलकी झोप आणि रोज जागं करणं. ९० दिवसांत पहिल्या गटात ४२.४ टक्के गेले, दुसऱ्यात ३७, आणि हा फरक योगायोगानेही येऊ शकतो एवढाच. म्हणजे जितकं कमी तितकं चांगलं असं सरळ नाहीये. खड्ड्यातून वर काढा इतकंच, माळ्यावर चढवायची गरज नाही.

आता पहिला मुद्दा. २००८ च्या अभ्यासात जागं करायच्या गटात १६ जणांनी स्वतः नळी ओढली, दुसऱ्या गटात ६ जणांनी. पण त्यातल्या परत नळी टाकावी लागलेल्यांचा आकडा ५ आणि ३. म्हणजे ओढणाऱ्यातल्या बऱ्याच जणांना नळीची गरजच उरलेली नव्हती, आपणच उशीर केलेला होता. तरीही तिथे एका नर्सकडे एक-दोन पेशंट असतात हे मला माहीत आहे, तुमच्याकडे चार. म्हणून मी तुमच्या जागी असते तर रात्री उणे २ धरला असता, उणे १ चा मोह धरला नसता, नळी टेपने नाही तर कापडी बंदाने बांधली असती, दुखण्याचं औषध कंजूसपणा न करता दिलं असतं कारण निम्मी ओढाओढ दुखण्याचीच असते, आणि जागं करायचं काम सकाळी आठनंतर, माणसं असताना. हात बांधायचे असतील तर मऊ पट्ट्याने, कागदावर लिहून, नातेवाईकांना सांगून, आणि दर दोन तासांनी सोडून बघायचे. पण उणे ५ नको. उणे ५ सुरक्षित वाटतो, त्यात नळी सरकली, सर्किट सुटलं तर पेशंट स्वतःच्या एका श्वासाचाही प्रयत्न करत नाही हे तुम्हाला मी सांगायला नको.

आणि एक सिस्टर, चार व्हेंटिलेटर हे चूक आहे. ते तुमच्या हातात नाही, पण ज्यांच्या हातात आहे त्यांना हा कॉलम दाखवा.

प्रश्न : धडगावहून घाटातून खाली पेशंट आणताना झोपेचं काय करायचं? हलकं ठेवलं तर वळणावर उठतो. (अँब्युलन्समधले एक डॉक्टर)

प्रवासात थोडं खोल चालेल, उणे ३ पर्यंत, तिथे नळी निघणं परवडत नाही. निघायच्या आधी पंपाची बॅटरी बघा, हातात एक जादा भरलेली सिरिंज ठेवा, पंपच नसेल तर घड्याळ लावून छोटे छोटे डोस, आणि बीपी घसरत असेल तर प्रोपोफॉलपेक्षा केटामिन बरं पडतं. उतरवून देताना चिठ्ठीवर नुसतं "सेडेटेड" लिहू नका, स्नायू ढिले करायचं औषध कधी आणि किती दिलं, शेवटचा झोपेचा डोस कधी, आणि मुख्य म्हणजे "प्रवासापुरतं वाढवलंय, पोचल्यावर कमी करा" हे लिहा, नाहीतर तुमचा घाटातला आकडा तिकडे चार दिवस चालेल.